खातेवहीची भाषा : कोबोल

बचत खात्यावर व्याज जमा होते, धनादेश वटतो, कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेस वळता होतो. ही कामे संगणक करतो, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु व्याज कसे मोजावे हे संगणकाला कोणी आणि कोणत्या भाषेत सांगितले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. जगातील बँका, विमा संस्था आणि सरकारी खाती यांचे हिशेब ज्या भाषेत प्रथम मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले, तिचे नाव कोबोल. १९५९ साली अमेरिकेत आकाराला आलेली ही भाषा आजही निवृत्त झालेली नाही. ती कशी जन्मली आणि इतकी वर्षे का टिकली, हे बँकेशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे.

यंत्राची बोली

संगणकाला मुळात शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात. त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी आज्ञांची जी क्रमवार मांडणी करावी लागते, तिला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. सुरुवातीच्या काळात आज्ञावली लिहिणे म्हणजे सांकेतिक आकड्यांची रांग लिहिणे होते. अमुक कप्प्यातील संख्या उचल, तमुक कप्प्यातील संख्येत मिळव, उत्तर तिसऱ्या कप्प्यात ठेव, अशी प्रत्येक बारीक कृती आकड्यांत सांगावी लागे. एक आकडा चुकला की संपूर्ण हिशेब चुके, आणि ती चूक शोधण्यात दिवस जात.

दुसरी अडचण याहून मोठी होती. प्रत्येक यंत्राची सांकेतिक बोली निराळी असे. एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेली पगारपत्रकाची आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर निरुपयोगी ठरे. संस्थेने यंत्र बदलले की सारे लेखन पहिल्यापासून करणे आले. यंत्राच्या किमतीइतकीच या लेखनाच्या खर्चाची चिंता व्यवस्थापकांना वाटू लागली होती.

ग्रेस हॉपर यांचा आग्रह

या कोंडीतून मार्ग काढणाऱ्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या हॉपर १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकी नौदलात दाखल झाल्या आणि हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या अवाढव्य यंत्रावर काम करू लागल्या. युद्धानंतर त्या संगणक बनवणाऱ्या उद्योगात गेल्या. वारंवार लागणाऱ्या गणितकृती एकदाच लिहून ठेवाव्यात आणि हव्या तेव्हा त्या जोडून घेण्याचे काम यंत्रानेच करावे, या कल्पनेवर त्यांनी १९५२ साली ‘ए-झीरो’ नावाची आज्ञावली तयार केली. संकलक, म्हणजेच कंपायलर, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाची ही सुरुवात होती. संगणक फक्त अंकगणित करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असा प्रश्न त्यांना तेव्हा विचारला जाई.

हॉपर यांचे पुढचे म्हणणे अधिक धाडसी होते. शास्त्रज्ञांना गणिती चिन्हे प्रिय असली, तरी हिशेबनीस, भांडारपाल आणि व्यवस्थापक यांना शब्द अधिक जवळचे वाटतात. मग त्यांनी यंत्राला शब्दांतच आज्ञा का देऊ नयेत? हे शक्य आहे असे दाखवताना त्यांनी इंग्रजीबरोबर फ्रेंच व जर्मन शब्दांतील आज्ञाही यंत्राकडून पाळून दाखवल्या, तेव्हा वरिष्ठ धास्तावलेच. अमेरिकी यंत्राला परकी भाषा कशी कळेल, असे त्यांना वाटले. वास्तविक यंत्राच्या लेखी शब्द ही केवळ अक्षरांची ठरावीक जुळणी असते. ‘मिळवा’ आणि ‘वजा करा’ हे मराठी शब्दही त्याने तितक्याच निमूटपणे स्वीकारले असते. याच विचारातून ‘फ्लो-मॅटिक’ ही व्यवहारोपयोगी भाषा निर्माण झाली.

शास्त्रज्ञांची सोय मात्र आधीच होत होती. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा एप्रिल १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या १ तारखेस भारतात सोळा आण्यांचा रुपया मागे पडून शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला होता. फोर्ट्रान गणिती सूत्रांसाठी उत्तम होती. खातेवहीसाठी स्वतंत्र भाषेची गरज होती.

सर्वांसाठी एक भाषा

अशी भाषा सर्व कंपन्यांना सामायिक असावी, ही हाक १९५९ साली बरोज कंपनीतील मेरी हॉज यांनी दिली. त्यातून २८ व २९ मे १९५९ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या मुख्यालयात बैठक भरली. चार्ल्स फिलिप्स हे तिचे निमंत्रक होते. संगणक बनवणाऱ्या कंपन्या, ते वापरणाऱ्या संस्था आणि सरकारी खाती यांचे सुमारे चाळीस प्रतिनिधी जमले. एरवी बाजारात परस्परांशी स्पर्धा करणारे हे लोक एका सामायिक भाषेसाठी एकत्र आले, ही गोष्ट तेव्हाच्या मानाने असामान्य होती.

अंतिम आराखडा सहा जणांच्या एका उपसमितीने नोव्हेंबर १९५९ मध्ये तयार केला. जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी या दोन स्त्रिया तिच्या सदस्य होत्या. हॉपर या उपसमितीत नव्हत्या. तथापि त्यांच्या फ्लो-मॅटिकची छाप आराखड्यावर स्पष्ट उमटली. समितीच्या संथ कारभाराला कंटाळलेले एक सदस्य हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी ‘कोबोल’ हे नाव कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला होता! तो दगड पुढे अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयात जपला गेला.

‘कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज’ या नावाच्या आद्याक्षरांतून कोबोल हे नाव बनले. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली आरसीए आणि युनिव्हॅक या दोन भिन्न यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. यंत्र बदलले तरी हिशेब टिकू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे अमेरिकी सरकारने संगणक घेताना कोबोलचा आग्रह धरला आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला.

वाचता येणारी आज्ञा

कोबोलमधील आज्ञा साध्या वाक्यासारखी असते. ‘मल्टिप्लाय प्रिन्सिपल बाय रेट गिव्हिंग इंटरेस्ट’, म्हणजे मुद्दलाला दराने गुणा, येईल ते व्याज. संगणकाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या लेखापालालाही यातील अर्थ कळावा. आज्ञावलीचे चार विभाग असतात : ओळख, यंत्राची माहिती, नोंदींचे वर्णन आणि प्रत्यक्ष कृती. नोंदींच्या विभागात खाते क्रमांक किती आकडी, नावाला किती अक्षरे, शिल्लक रकमेत रुपयांचे आकडे किती आणि पैशांचे किती, हे आधीच लिहून ठेवावे लागते. कोऱ्या खातेवहीत रकाने आखून घेण्यासारखेच हे काम आहे.

पैशाची अचूकता हा कोबोलचा दुसरा गुण. दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या ०.३३३ अशी न संपणारी होते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांशाची तीच गत होते. म्हणजे आपले साधे दहा पैसे त्या पद्धतीच्या अपूर्णांकांत तंतोतंत लिहिताच येत नाहीत! पुलावरील भार मोजणाऱ्या अभियंत्याला इतका सूक्ष्म फरक चालतो. रोजमेळ जुळवणाऱ्याला चालत नाही. कोबोलमध्ये रक्कम दशमान आकड्यांतच ठेवता येते आणि शेवटचा अंश कोठे पूर्णांकित करायचा, हे आज्ञेतच स्पष्ट सांगता येते. लक्षावधी खात्यांवर व्याज लावताना पैसा न पैसा जुळावा, यासाठी ही सोय मोलाची ठरली.

काटकसरीची किंमत

त्या काळी संगणकाची स्मृती अतिशय महाग होती आणि माहिती भरण्याच्या सच्छिद्र कार्डावर बहुधा ८० अक्षरेच मावत. म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याचा प्रघात पडला. १९९८ मध्ये ठेवलेली आणि २००० मध्ये परत करावयाची ठेव घ्या : शून्यातून अठ्ठ्याण्णव वजा केले की मुदत उणे अठ्ठ्याण्णव वर्षे! ‘वाय टू के’ या नावाने गाजलेला प्रश्न तो हाच. दोष भाषेचा नव्हता. ज्यांनी रकाने आखले, त्यांना आपली आज्ञावली चाळीस वर्षे चालेल असे वाटले नव्हते. जुन्या आज्ञावली ओळीओळीने वाचून दुरुस्त करण्याच्या कामात भारतीय संगणक अभियंत्यांचा वाटा मोठा होता, आणि आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाला त्यातून जगभर ओळख मिळाली.

वारशाची जबाबदारी

विद्यापीठांतील अनेक संगणकशास्त्रज्ञांनी कोबोलला शब्दबंबाळ म्हणून नाके मुरडली. नव्या भाषा आल्या, तरुणांनी त्या शिकल्या. तरीही जुन्या हिशेबांच्या तळाशी कोबोल राहिलीच. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे बेरोजगारी भत्त्यासाठी अर्जांचा पूर लोटला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीरपणे मदतीसाठी बोलवावे लागले.

मग हे सारे नव्या भाषेत का लिहून काढत नाहीत? कारण त्या आज्ञावलींमध्ये अनेक दशकांचे नियम साठलेले असतात : लीप वर्षाचे व्याज, अज्ञान खातेदाराचे खाते, मुदतीपूर्वी मोडलेली ठेव, मधल्या काळात बदललेले दर. कोणत्या दराने गुणले, हे कोबोल वाचून कळते. तोच दर त्या ठेवीला का लावायचा ठरला, हे मात्र भाषा सांगत नाही. ते सांगणारी माणसे निवृत्त होतात आणि त्यांच्याबरोबर कारणेही निघून जातात.

कार्यभार सोपवताना केवळ किल्ल्या आणि शिल्लक देऊन भागत नाही, प्रलंबित प्रकरणांचा खुलासाही लिहून द्यावा लागतो, हे बँकेतील प्रत्येक अनुभवी कर्मचारी जाणतो. संगणकाच्या बाबतीतही तोच शिरस्ता हवा. नियम बदलला, तर तो कोणत्या परिपत्रकानुसार व कशासाठी बदलला, याची चार ओळींची नोंद आज्ञावलीशेजारीच असली पाहिजे. हिशेब पुढच्या माणसाला वाचता यावा, हा कोबोलच्या निर्मात्यांचा हेतू होता. भाषेने आपल्या वाट्याचे काम केले; उरलेले काम लिहिणाऱ्याचे आहे.