पंधरा दिवसांची माया

मुरूड म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. बालहक्कांचं काम करणाऱ्यांना मात्र ‘अँकरेज’ आठवतं. कुलाबा, कफ परेड आणि मुरूड अशी या संस्थेची तीन निवारागृहं होती. ब्रिटिश नौदलातून आलेल्या डंकन ग्रँटने ती १९९५ मध्ये सुरू केली, आणि त्याचा देशबंधू ॲलन वॉटर्स तिथे येऊन-जाऊन असे. रस्त्यावरच्या पोरांना जेवण, कपडे, डोक्यावर छप्पर. कुणाला शंका यावी असं काही वरून दिसत नव्हतं. २००१ मध्ये मुलं बोलली आणि लैंगिक अत्याचार उघड झाले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तेव्हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा नव्हता. तो २०१२ चा.

हा खटला धर्माचा नव्हता. पण परदेशातला सज्जन दिसणारा माणूस बालगृहाच्या दारात उभा राहिला की आपण त्याला काहीच विचारत नाही, हे या खटल्याने दाखवून दिलं. परदेशी चर्चचे ‘मिशन ट्रिप’वाले गट जगभरच्या बालगृहांत जातात, त्यांच्याकडे याच नजरेने पाहायला हवं. त्यांच्यावर संशय घ्या, असं मी म्हणत नाही. बहुतेक जण मनापासून येतात. कॉलेजातली पोरं वर्षभर पैसे साठवतात, सुट्टीत दहा-पंधरा दिवस येतात, गाणी शिकवतात, बायबलमधल्या गोष्टींची नाटुकली करतात, भिंती रंगवतात आणि जाताना ढसाढसा रडतात. भारताचा ई-पर्यटक व्हिसा थोड्या दिवसांच्या, बिनपगारी सेवाकामाला महिनाभरापर्यंत मुभा देतो. धर्मप्रसारासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो.

अडचण त्या रडण्यातच आहे. कारण ते विमानात बसतात आणि मूल तिथेच राहतं.

नवा पाहुणा दिसताच चार वर्षांचं पोर धावत येऊन कडेवर चढतं, नावही न विचारता गळ्याला मिठी मारतं. पाहुण्याला वाटतं, किती लाघवी! बालमानसशास्त्र जाणणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. घरात वाढणारं मूल अनोळखी माणसाला पाहून आधी आईचा पदर धरतं. कुणालाही बिलगणारं मूल हे बऱ्याचदा माणसं येतात आणि जातात, एवढंच शिकलेलं मूल असतं. रुमानियात बुखारेस्टच्या १३६ संस्थावासी बाळांवर २००० पासून मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं, निम्मी आधीसारखीच संस्थांच्या देखभालीत राहिली. कुटुंबातली मुलं बुद्धीत आणि नात्यांत पुढे गेली. जितक्या लहान वयात घर मिळालं, तितका फायदा अधिक.

मिशनरी सेवेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिच्यात कसदारही पुष्कळ आहे. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती सदन पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुली त्यांनी तिथे आणल्या. त्यांच्या मदतीला मिनी अब्राम्ससारखी अमेरिकन बाई आली, ती दोन आठवड्यांसाठी नव्हे. वर्षानुवर्षं राहिली आणि मुलींच्या रोजच्या आयुष्यात मिसळली. तिच्या श्रद्धेशी कुणाचा मतभेद असो, पण तिने मुलींना निरोप द्यायची सवय लावली नाही. फरक धर्मात नाही, मुक्कामात आहे.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. पुष्कळांना आई किंवा बाप, नाहीतर दोघंही असतात. रायगडात कातकरी कुटुंबं वीटभट्टीला, कोळसा पाडायला बाहेरगावी जातात, बाप दारूत जातो, आईला एकटीला जमत नाही, मग पोर संस्थेत येतं. अशा कुटुंबांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७,००० रुपये मिळतात. अमेरिकेतून येणाऱ्या एका स्वयंसेवकाचं जाण्यायेण्याचं तिकीट सहज लाखाच्या घरात जातं. एवढ्यात किती मुलं स्वतःच्या घरी राहतील, हा हिशेब ज्याने त्याने करावा. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करतानाच बालगृह-पर्यटनाचा प्रश्न ऐरणीवर घेतला. कारण काही देशांत पाहुणे आणि देणग्या याव्यात म्हणून मुलं गोळा केली जात होती.

आता आपलं बोलू. दोष केवळ गोऱ्या पाहुण्यांना देऊन मोकळं होणं फार सोपं आहे. वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जाणारे आपणच असतो. अलिबागला शनिवार-रविवार काढायचा आणि येताजाता ‘मुलांना भेटायचं’, मोबाईल काढून त्यांच्यासोबत फोटो, मग स्टेटस. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. केक कापताना हे कुणाच्या ध्यानात असतं?

तरी काहीतरी करायचंच असेल तर मुलांपेक्षा मोठ्यांसाठी करा. संस्थेचा हिशेब नीट लावून द्या, छप्पर शाकारून द्या, अधीक्षकाला संगणक शिकवा, सुट्टी न मिळणाऱ्या मावशींच्या पगाराची सोय करा. दार उघडण्याआधी विचारा: कलम ४१ खालची नोंदणी आहे का, प्रत्येक मुलासाठी बालकल्याण समितीचा आदेश आहे का, बाहेरच्यांना मुलांसोबत एकटं सोडतात का. उत्तर देताना कुणी चाचपडलं, तर आत जाऊ नका आणि १०९८ या बाल-मदतवाहिनीला फोन करा.