सैल झालेला पट्टा

मनगटी घड्याळाचे यंत्र चाळीस वर्षे बिनचूक चालले, तर घरोघरी त्याचे कौतुक होते. ज्या धातूच्या पट्ट्याने ते एवढी वर्षे मनगटावर धरून ठेवले, त्याची आठवण मात्र तो लोंबू लागल्यावरच होते. वडिलांचे मौल्यवान घड्याळ मुलाने हाती घ्यावे, ते आडवे धरताच पट्टा कमानीसारखा खाली ओघळावा आणि कोणीतरी म्हणावे, ‘पट्टा ताणला गेला.’ हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. हाताला बांधलेले पोलाद किंवा सोने रोजच्या वापराने ताणले जात नाही, ते झिजते. आणि झिजलेली वस्तू दुरुस्त करावी की बदलावी, हे ती नेमकी कोठे झिजली यावर ठरते.

रोलेक्स कंपनीचा ‘ज्युबिली’ पट्टा याचे उत्तम उदाहरण होय. कंपनीच्या चाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, ‘डेटजस्ट’ घड्याळाबरोबर तो बाजारात आला. त्याच्या प्रत्येक ओळीत पाच तुकडे असतात. म्हणूनच तो कापडासारखा मऊपणे मनगटावर बसतो. परंतु जितके सांधे अधिक, तितक्या झिजण्याच्या जागाही अधिक. शिवाय जुन्या पट्ट्यांतील अनेक कड्या पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. झिजायला तेथे मुळात धातूच थोडा.

झीज घडवून आणतो तो मळ. घाम, कातडीचे तेल आणि धूळ यांचा काळपट लेप कड्यांच्या फटीत साचतो. धुळीतले वाळूचे कण त्यात कुरुंदाप्रमाणे घासत राहतात. हात हलला की कडी हलते, कडी हलली की आतली पिन घासते. पिन बारीक होते, छिद्र लांबट होते. एका सांध्यातली फट केसाएवढी असेल. पण वीस सांध्यांतल्या फटी एकत्र आल्या म्हणजे पट्टा लोंबतो. अठरा कॅरटचे सोने पोलादाहून मऊ असल्यामुळे तेथे हा प्रकार लवकर घडतो. १९५६ साली ‘डे-डेट’ घड्याळासाठी निघालेल्या ‘प्रेसिडेंट’ पट्ट्याच्या अलीकडच्या नमुन्यांत कड्यांच्या आत सिरॅमिकचे भाग बसविले जाऊ लागले, ते ही झीज रोखण्यासाठीच.

एखादी कडी काढून टाकली की पट्टा आखूड होतो, घट्ट होत नाही. कड्या पकडीने दाबून आवळणे हा तर उपायाच्या नावाखाली अपायच. पोकळ कडीला त्याने चीर पडते.

जाणता कारागीर प्रथम पट्टा घड्याळापासून सोडवून धुतो. कारण मळ निघाल्याशिवाय खरी झीज दिसत नाही. केवळ पिना झिजल्या असतील तर त्या बदलून काम भागते. छिद्रे मोठी झाली असतील तर ती गोल करून घेऊन आत बारीक नळ्या बसवितात, किंवा लेसरच्या झाळकामाने गेलेला धातू पुन्हा भरतात. हे काम एकेका सांध्याचे असते, म्हणून वेळखाऊ आणि महाग. शेवटी जिल्हई देण्याचा आग्रह बहुधा मालकाचाच असतो. चकाकी पाहून तो हरखतो. त्या चकाकीबरोबर धातूचा आणखी एक थर गेला आणि कड्यांच्या धारा बोथट झाल्या, हे त्याच्या लक्षात येत नाही.

कड्यांना तडे गेले असतील, किंवा त्यांचा पत्रा पिनेपर्यंत झिजला असेल, तर पट्टा बदलणेच शहाणपणाचे. तेथे माया दाखविली तर एखाद्या दिवशी बसच्या दांडीला हात धरताना घड्याळच रस्त्यावर पडेल. मात्र नवा पट्टा केवळ रुंदी जुळली म्हणून घेऊ नये. घड्याळाच्या पेटीला भिडणारी टोकाची कडी त्या पेटीच्या गोलाईशी बरोबर बसली पाहिजे. नाहीतर ती हलत राहून पेटीचे कान घासते, आणि ती झीज पट्ट्यासारखी बदलून टाकता येत नाही. पट्टा अडकविणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याही त्याच वेळी नव्या घालाव्यात; त्यांची किंमत थोडी, पण सारे घड्याळ त्यांच्यावरच तोललेले असते.

जुन्या पट्ट्याचे काय करावे? दुकानदार तो मोडीत मागतो. सोन्याचा असेल तर वजनाने मोल येते आणि मोह होतो. परंतु फाशाच्या आतल्या बाजूस पट्ट्याचा क्रमांक आणि पुष्कळदा त्याचा काळ सांगणारे अंक किंवा अक्षर कोरलेले असते. जुन्या घड्याळांचे जाणकार ते पाहून पट्टा मूळचा आहे की मागाहून लावलेला, हे ओळखतात आणि घड्याळाची किंमतही त्यानुसार ठरवितात. त्यामुळे नवा पट्टा रोजच्या वापराला लावला, तरी जुना धुऊन, कोरडा करून, पूर्वी काढून ठेवलेल्या कड्यांसह घड्याळाच्या डबीत ठेवून द्यावा. लग्नकार्याच्या एखाद्या दिवशी तो काही तास पुन्हा घालताही येतो.