अठरा लाख मायक्रोव्होल्ट

साहित्याच्या अंकात व्होल्टेज कशाला, असं कुणी विचारेल. पण मी ज्या फाइलबद्दल सांगतेय ती आज्ञा देत नाही, वर्णन करते. तिला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. बीगलबोनसारख्या छोट्या बोर्डावर लिनक्स सुरू होताना ही फाइल वाचतं आणि बोर्डावर काय काय बसवलंय ते समजून घेतं. तिच्यात क्रियापदं जवळजवळ नाहीतच, सगळी नामं आणि विशेषणं. आणि इथे विशेषण चुकलं तर चिप जळू शकते.

व्होल्टेज रेग्युलेटर म्हणजे आपल्या देडतलाईत फ्रीजशेजारी ठेवतात त्या स्टॅबिलायझरचा चुलतभाऊ. पुढच्या भागांना ठरलेलं व्होल्टेज पुरवणं हे त्याचं काम. फरक इतकाच, की बोर्डावरच्या पुष्कळ रेग्युलेटरांचं व्होल्टेज सॉफ्टवेअर बदलू शकतं. म्हणून फाइलमध्ये मर्यादा लिहायची, किमान किती आणि कमाल किती. दशांश चिन्ह तिथे चालत नाही, त्यामुळे आकडा मायक्रोव्होल्टमध्ये. १.८ व्होल्ट म्हणजे १८ लाख.

घसरण्याची जागा हीच. माहितीपत्रकात चिप किती ते किती व्होल्ट देऊ शकते हे छापलेलं असतं, ते उचलून तसंच उतरवलं जातं. पण विचारलंय ते वेगळंच: या बोर्डावर, त्या तारेच्या पलीकडे जे जोडलंय, त्याला किती सोसतं? स्टॅबिलायझरची ताकद नव्हे, फ्रीजची गरज लिहायची.

२०१३ साली बीगलबोन ब्लॅक आला. जुन्या बीगलबोनसारखाच, वर एचडीएमआय आणि ईएमएमसी मेमरी. इतका सारखा, की जुनी फाइल चालून जाईल असं कुणालाही वाटावं. पण जुन्या फाइलमध्ये ज्या रेग्युलेटरला ३.३ व्होल्टपर्यंत मुभा होती, त्याच्यावर नव्या बोर्डात १.८ व्होल्टच हवे होते. कमाल ३३ लाख लिहिलेलं असलं की कर्नलला तेवढं व्होल्टेज लावायला आडकाठी उरत नाही. नव्या बोर्डाची फाइल लिनक्समध्ये आणताना सोबतच्या टिपणात स्पष्ट इशारा होता: जुन्या फाइलने, एसडी कार्ड घालून, डझनभर वेळा बोर्ड सुरू केला की एचडीएमआयची चिप जाईल. पहिल्याच वेळी नाही, डझनभर वेळांनी! मला तेच जास्त भीतिदायक वाटतं. तोवर माणूस ‘चालतंय की’ म्हणत असतो. उपाय साधा निघाला. सारखं तेवढं एका सामाईक फाइलमध्ये, आणि ब्लॅकच्या स्वतःच्या फाइलमध्ये त्या रेग्युलेटरपुढे १८ लाख.

‘नेहमी चालू’ या विशेषणाचाही मोह फार. कुठला भाग कुठल्या रेग्युलेटरवर जगतो हे लिहिलं नाही, तर कर्नल बूट संपताना तो रेग्युलेटर बिनकामाचा समजून बंद करू शकतं. मग बोर्ड गप्प. अशा वेळी ‘नेहमी चालू’ चिकटवलं की बोर्ड बोलू लागतो, पण खरं नातं अलिखितच राहतं आणि बॅटरी विनाकारण उतरते. प्रोसेसरच्या मुख्य पुरवठ्याला ते विशेषण शोभतं. वाय-फायच्या चिपला बहुतेकदा नाही. तिच्या नोंदीत तिचा पुरवठादार कोण, तेवढं नाव लिहावं.