इंजिनाला वारा कुठून घालायचा?

कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी त्याची नोंदणी झाली. असं विमान घरी बांधणाऱ्यांना जगभर छळणारा एक प्रश्न म्हणजे इंजिनाची उष्णता.

छोट्या विमानांच्या बऱ्याच इंजिनांना रेडिएटर नसतोच. पंख्यामागच्या दोन भोकांतून वारा शिरतो, सिलिंडरच्या पातळ पात्यांमधून खाली उतरतो आणि पोटाखालून बाहेर पडतो. इंजिन तापलं की पुढची भोकं मोठी करायचा मोह होतो. पण खरी मेख अनेकदा मागे असते: गरम हवा सुटायला वाट अरुंद, किंवा वारा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या कडेची रबरी पट्टी दुमडलेली. बोटभर फटीतून वारा सिलिंडरला न शिवताच पसार होतो! मागे झडप बसवून ती चढताना उघडली, तर खालचा दाब उतरतो आणि वारा ओढला जातो.

बीडसारख्या ठिकाणच्या कडक उन्हाळ्यात तर दुहेरी मार. 42 अंशांची हवा त्याच दाबाच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के विरळ असते. म्हणजे थंडावा कमी आणि इंजिनाची ताकदही. त्यात धूळ, त्यामुळे ज्वलनाची हवा फिल्टरमधूनच घ्यावी लागते.