तळघरातील चित्रगृह आणि सामाईक भिंत

कारंजा, वाशीम, रिसोड येथील जुन्या पेठांमधील घरांची रचना ठरलेली असे. पुढे दुकान, मागे माजघर, खाली तळघर आणि दोन घरांच्या मध्ये एकच जाड भिंत. तळघरात धान्य, जुन्या वह्या आणि जोखमीचा ऐवज राही. सन १६७० मध्ये ज्या कारंज्याच्या श्रीमंतीची कीर्ती मराठी फौजांना तिथवर घेऊन आली, तेथील सावकारांना तळघराचे मोल निराळे सांगावे लागले नसेल. आता ऐवज बँकेच्या लॉकरमध्ये गेला, धान्य गोदामात आणि वह्या संगणकात. तळघर रिकामे झाले. नव्या वसाहतींतील जोडघरांतही हौसेने तळमजला खोदला जातो, आणि घरातील तरुण मंडळी तेथे होम थिएटर मागतात.

मागणी गैर नाही. सोयाबीनचा हंगाम असो वा तुरीचा, दुकान वाढवून, दिवसाचा मेळ घालून व्यापारी माणूस मोकळा होतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. सहकुटुंब चित्रपट पाहायचा तर हाच वेळ. अडचण अशी की भिंतीपलीकडे याच वेळी कोणाचे सामायिक चालू असते, कोणाची बारावीची परीक्षा असते आणि कोणी पहाटे उठणारे वृद्ध नुकतेच आडवे झालेले असतात. शिवाय लहान गावात शेजारी हा केवळ शेजारी नसतो. तो आडत्या असतो, व्याही असतो, कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करणाराही तोच असतो. करमणुकीपायी ते खाते बुडवणे कोणालाच परवडणारे नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर या आकड्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. परंतु येथे एक मेख आहे. हे मोजमाप मानवी कानाच्या कलाने केलेले असते आणि त्यात खर्जाचा आवाज फार कमी धरला जातो. ४० हर्ट्झच्या घुमाऱ्यातून सुमारे ३५ डेसिबल वजा होऊनच आकडा दिसतो. म्हणजे यंत्रावर सर्व काही नियमात असते आणि शेजारच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरच्या ताटल्या थरथरत असतात. कायद्याच्या दृष्टीने घरमालक निर्दोष ठरेल, शेजारणीच्या दृष्टीने नाही.

आवाज दोन वाटांनी जातो. एक हवेतून, दुसरी बांधकामातून. हवेतून जाणाऱ्या आवाजाला वजन अडवते. भिंतीचे वजन दुप्पट केले की साधारण ५ ते ६ डेसिबल अधिक अडतात. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती म्हणूनच शांत असत. आजची नऊ इंची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची भिंत बोलण्याचा आवाज सुमारे ५० डेसिबलने कमी करते. खर्जाला मात्र ती त्याहून पुष्कळ कमी अडवते. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. एवढ्या लांब लहरीपुढे भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम काय करणार? फोम, गालिचा आणि जाड पडदे खोलीच्या आतला घुमारा कमी करतात, संवाद स्पष्ट करतात. आवाज बाहेर जाण्याचे ते थांबवत नाहीत. अंड्यांच्या ट्रेची शिफारस करणारे सल्लागारही भेटतात. जैन घरात ते ट्रे येणारच नाहीत, आणि न आल्याने काही नुकसानही नाही.

खरा उपाय खोलीत दुसरी खोली बांधण्याचा. सामाईक भिंतीला कोठेही स्पर्श न करता, दोन-तीन इंच सोडून लोखंडी पट्ट्यांची स्वतंत्र चौकट उभी करायची, तिच्यात रॉकवूल भरायचे आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे बसवायचे. चौकटीच्या तळाशी रबराची पट्टी हवी. लाकडाऐवजी लोखंड वापरण्याचा एक लाभ आपल्या घरांना विशेष पटेल: वाळवी लागत नाही, त्यामुळे पुढे जंतुनाशक फवारण्याचा प्रसंग येत नाही. आसनेही चामड्याची न घेता कापडी घ्यावीत. आवाजाच्या दृष्टीनेही कापडच चांगले.

फटींचा हिशेब बहुतेकांकडून चुकतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर उरलेले ९९ भाग कितीही भक्कम असले तरी एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून दाराखालची फट, विजेच्या बोर्डाची भोके, वातानुकूलन यंत्राची नळी जाते ते छिद्र, हे सर्व लवचिक सीलंटने बुजवावे. दार भरीव असावे. सामाईक भिंतीत नवा बोर्ड खोदूच नये. मात्र खोली इतकी बंद झाली की ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हे जुन्या पिढीला ठाऊक होते. बंद तळघरात दहा माणसे तीन तास बसणार असतील तर हाच विचार करायला हवा. आतून मऊ अस्तर लावलेली, दोन वळणे घेतलेली हवेची नळी हवा आणते आणि आवाज थोपवते.

बांधकामातून जाणारा आवाज हा सबवूफरचा उद्योग. चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीवर सबवूफरच्या मार्गाचे शिखर ११५ डेसिबल धरलेले असते. ती पातळी जोडघरात मागणेच चूक. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर, जाड रबरी पायांवर ठेवावा, आणि रिसीव्हरमधील नाइट मोड चालू करावा. त्याने स्फोटांचा आवाज खाली येतो व कुजबूज ऐकू येते. दहानंतर सबवूफर बंद ठेवला तरी कथानकाचे काही बिघडत नाही.

खोदकामाचे काय? वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेजाऱ्याच्या पायालगत खोदताना त्याच्या जमिनीचा आधार काढून घेता येत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तो हक्क स्पष्ट आहे. म्हणून आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिला आहे तेही पाहावे. राहण्याच्या खोलीसाठी ते सहसा मंजूर नसते. नवे तळघर असेल तर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. ओलसर भिंतीपुढे जिप्सम बोर्ड लावला की मागे बुरशी धरते, आणि ती दिसते तेव्हा दोन-अडीच लाखांचे काम उकलावे लागते.

सगळे झाल्यावर परीक्षा घ्यायची ती आपल्या खोलीत बसून नव्हे. शेजाऱ्यांना विचारून, त्यांच्या सोयीच्या रात्री, घरातल्या एकाने त्यांच्या झोपण्याच्या खोलीत जाऊन बसावे. पंखा बंद, दूरदर्शन बंद. इकडे खर्जाचे एखादे दृश्य लावावे आणि फोनवर बोलत आवाज एकेक पायरी चढवावा. तिकडच्या आजी ज्या आकड्याला ‘आता येतोय’ म्हणतील त्याच्या पाच पायऱ्या खाली रिसीव्हरची कमाल मर्यादा लावून टाकावी. बहुतेक यंत्रांत ती सोय असते. घरात आलेल्या भाच्याला मग बटण कितीही फिरवू द्यावे.