मेणाच्या इवल्याशा कुप्या

तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ आहे? मग आज त्याचे डोळे जवळून बघा. टपोरे, ओलसर, टकमक बघणारे. त्या डोळ्यांचीच गोष्ट सांगायचीय, पण त्यासाठी शंभराहून जास्त वर्षं मागे, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात जावं लागेल.

तिथे लोअर ईस्ट साइड नावाची दाटीची वस्ती होती. अंधाऱ्या, कोंदट खोल्या आणि युरोपातून आलेली गरीब कुटुंबं. उन्हाळ्यात दूध नासायचं, बाळांना जुलाब व्हायचे आणि कितीतरी बाळं दगावायची. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरबाई जोसेफिन बेकर यांना वाटलं, बाळ आजारी पडेपर्यंत थांबायचंच कशाला? १९०८च्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या, म्हणून शाळांतल्या ३० परिचारिका मोकळ्या होत्या. बाळ जन्मल्याची नोंद झाली, की लगेच त्यांतली एक त्या घरी हजर! अंगावरच पाजा, खिडकी उघडा, रोज अंघोळ घाला, उकाड्यात गुंडाळून ठेवू नका, असं ती बाळंतिणीला समजावून सांगे. त्या उन्हाळ्यात त्या भागात आदल्या वर्षीपेक्षा १२०० मृत्यू कमी झाले. बाराशे!

आता डोळ्यांकडे वळू. जन्मताना काही बाळांच्या डोळ्यांत जंतू जात आणि त्यांची दृष्टी जाई. सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांनी ते जंतू मरत. पण हे औषध असायचं बाटलीत, आणि तिथेच घोळ व्हायचा. बशीत मिठाचं पाणी घेऊन उन्हात ठेवा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, उरलेलं पाणी आणखी खारट होत जातं ना? बाटलीतही तसंच व्हायचं. औषध इतकं कडक होई, की त्यानेच नाजूक डोळे भाजत. बेकरबाईंनी मग मधमाशांच्या मेणाच्या इवल्याशा कुप्या करवल्या. एका कुपीत एकाच डोळ्यापुरतं औषध. पाणी उडायला नको, घाण शिरायला नको. किती साधी युक्ती! मला ती फार आवडते.

त्यांनी बाळांसाठी समोरून उघडणारे कपडेही बेतले, आपल्या बंदांच्या झबल्यासारखे.

आणि आई कामावर गेली की बाळाला कोण सांभाळायचं? बहुतेक वेळा तुमच्याएवढीच ताई. अशा मुलींसाठी बेकरबाईंनी ‘छोट्या आयां’ची मंडळं काढली. बाळाला धरायचं कसं, पाजायचं कसं, न्हाऊ घालायचं कसं, हे त्या तिथे शिकत आणि घरी जाऊन आईलाही शिकवत.