आपले शब्द संपतात तेव्हा प्रार्थना कशी करायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोललेलंच थोडं नीट करून लिहिलंय.

आजचा प्रश्न बऱ्याच जणांकडून येतो. "रोज प्रार्थना करतो, पण तेच तेच बोलतो. मन कुठेच जात नाही. प्रार्थना खोल कशी होईल?"

खरं सांगायचं तर माझी प्रार्थना अनेक वर्षं ऑफिसच्या स्टँड-अप मीटिंगसारखी होती. काल काय झालं, आज काय करायचंय, अडचण कुठे आहे. आमेन. तीन मिनिटांत काम संपलं! देवाला रिपोर्ट दिला, पण देवाबरोबर बसलो असं काही नव्हतं.

त्यात लहानपणापासून एक समज डोक्यात पक्का होता. खरी प्रार्थना म्हणजे उत्स्फूर्त, स्वतःच्या शब्दांतली. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे संडे स्कूलच्या मुलांची, नाहीतर कॅथलिक लोकांची, असं आम्ही मानायचो. मंडळीत जो न अडखळता दहा मिनिटं प्रार्थना करतो, तो आत्मिक! आमचे पप्पा तसेच. घरची प्रार्थना तेच चालवायचे, आणि आमचं जेवण थंड व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. याला अफेजिया म्हणतात. काय म्हणायचंय ते त्यांना कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. समोर कप असायचा आणि 'चहा' म्हणता यायचं नाही. मी खूप प्रार्थना केली. पप्पांचं बोलणं परत दे, एवढंच मागत होतो. महिने गेले, फारसा फरक पडला नाही. मग माझंही बोलणं थांबलं. देवावर राग होता, पण तो प्रार्थनेत बोलायची हिंमत नव्हती, आणि गोड गोड बोलवत नव्हतं.

एका संध्याकाळी आईने प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला पप्पांचा आवाज आला. अडखळत नाही, स्पष्ट. आमेनपर्यंत सगळी म्हटली. नंतर पाणी मागायला गेले, तर पुन्हा शब्द नाही.

स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं बऱ्याचदा होतं. आकडे मोजणं, गाणी, पाठ असलेल्या प्रार्थना पुष्कळ वेळा टिकून राहतात, कारण नवं वाक्य जुळवायला लागणारी मेहनत तिथे मेंदूला करावी लागत नाही. म्हणजे हा चमत्कार होता असा दावा मी करत नाही. पण ज्या प्रार्थनेला मी 'पाठांतर' म्हणून हलकं समजत होतो, तेवढीच पप्पांकडे उरली होती, आणि ती पुरत होती. तिथून मी शास्त्र पुन्हा उघडून बघायला लागलो.

येशूने स्वतः काय केलं?

वधस्तंभावर प्रभू येशू ओरडला, ते शब्द २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहेत (मत्तय २७:४६). प्राण सोडताना जे म्हटलं, ते ३१ व्या स्तोत्रातलं (लूक २३:४६). सगळ्यात कठीण क्षणी त्याने नवे शब्द शोधले नाहीत, लहानपणापासून ओळखीचे होते तेच घेतले. गेथशेमाने बागेत तर तो तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय २६:४४).

इथे कुणीतरी म्हणेल, "पण मत्तय ६:७ मध्ये व्यर्थ बडबड करू नका असं आहे ना?" आहे. पण दोन वचनं पुढे, ६:९ पासून, येशू शिष्यांना तयार शब्दच शिकवतो. म्हणजे अडचण शब्द तयार असण्याची नाही, ते व्यर्थ असण्याची आहे. आणि स्वतःचे शब्दही व्यर्थ होऊ शकतात. माझा स्टँड-अप आठवा!

तयार शब्दांनी होतं काय?

मला जे बोलायची हिंमत नसते, ते स्तोत्रं बोलतात. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. १३ वं स्तोत्र सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारतं की हे कधीपर्यंत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी 'सगळं ठीक झालं' असं येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या रागालाही देवासमोर जागा आहे. मी महिनाभर तेच म्हणत होतो.

सुरुवात कशी करायची?

१. एका आठवड्यासाठी एकच स्तोत्र घ्या, छोटं. रोज तेच, मोठ्याने, सावकाश. जिथे मन अडकेल तिथे थांबा. पुढचं राहिलं तरी चालेल.

२. प्रभूची प्रार्थना एकेका ओळीने करा. 'रोजची भाकर' म्हटल्यावर थांबा, आज घरात नेमकी कशाची गरज आहे ते सांगा. 'क्षमा' म्हटल्यावर ज्याचं नाव घ्यायला नको वाटतं, ते नाव घ्या. इथे आपले शब्द आपोआप येतात.

३. एखादं भजन पाठ करा. 'उपासना संगीत' घरात असतंच, त्यात नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. बसमध्ये, गाडी चालवताना मनात म्हणता येतात.

४. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल ॲपवर वाचता हे मान्य, पण वरून नोटिफिकेशन आलं की संपलं. या दहा मिनिटांसाठी छापील बायबल घ्या.

पहिले काही दिवस कोरडे जातील. काही वाटलं नाही म्हणजे प्रार्थना झाली नाही, असं समजू नका.

पप्पांचं बोलणं पूर्ण परत आलेलं नाही. थोडे शब्द आलेत. घरची प्रार्थना आता आई सुरू करते, पप्पा त्यात सामील होतात, आणि ती छोटी असते. मी आजही बरेपण मागतो. पण आता मागून झालं की लगेच उठत नाही, बसून राहतो.

या आठवड्याचा गृहपाठ, स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत. सात दिवस करून बघा आणि कसं गेलं ते कळवा. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुमच्याबरोबर असो!